अंगण खरंच वाकडं असतं: कमी खर्चात घरी इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करणं आणि बांधणं

नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात, पण गिटारच्या बाबतीत कित्येकदा अंगण खरंच वाकडं असतं. स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेतलेला माणूस सहा-सहा महिने स्वतःच्या बोटांना शिव्या घालत बसतो, पहिल्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची आडवी धातूची पट्टी) एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही, मग हळूहळू गिटार कपाटावर जाते आणि तिथेच धूळ खाते. आणि खरी भानगड काय असते, तर नटच्या, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा अर्धा मिलिमीटर उंच राहिल्यात. बस, एवढंच. माझी पहिली गिटार मी जवळजवळ अशीच टाकून दिली होती, नंतर एकदा चिडून स्वतः उघडली, अर्धी बिघडवली, परत दुरुस्त केली, आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय.

एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा म्हणजे पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे आपोआप कळेल: तार जिथे जिथे टेकते तिथे मेहनत घ्यायची. म्हणजे नट, फ्रेट आणि ब्रिजवरची (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारांचं दुसरं टोक जिथे बसतं तो भाग) सॅडल्स, म्हणजे प्रत्येक तार ज्यावर टेकते ते छोटे तुकडे. ह्या तीन जागा नीट असतील तर बाकीची गिटार म्हणजे जवळपास फर्निचर. लोक नेमकं उलटं करतात, महागडे पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबक आणि कॉइल) बसवतात, चकचकीत नॉब लावतात, आणि फ्रेट तसेच वरखाली. मग म्हणतात आवाजात मजा नाही.

सुरुवात नव्या गिटारवर करू नका. कोणाकडे तरी पडलेली, आवाज न येणारी, तारा गंजलेली गिटार शोधा, जी बिघडली तरी कोणी रडणार नाही अशी. घेताना फक्त नेक म्हणजे दांडा बघा. हेडस्टॉकच्या म्हणजे खुंट्यांच्या बाजूने डोळा लावून बॉडीकडे बघायचं, बंदुकीचा नेम धरल्यासारखं. थोडासा पुढे बाक चालेल, पण नेक पिळवटलेला असेल म्हणजे एक कड वर आणि एक खाली, तर सोडून द्या. ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, त्याचा बाक कमी-जास्त करणारी सळई) आवळायचा नट फिरतोय का तेही बघा, फिरून फिरून गुळगुळीत झाला असेल किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर ती गिटार फुकटसुद्धा महाग आहे. बाकी काहीही मेलेलं असू दे, वायरिंग, जॅक (केबल खुपसायची जागा), खुंट्या, सगळं जिवंत करता येतं.

हत्यारं किती लागतात

फार नाही. मिलिमीटरची स्टीलची पट्टी जिची शून्याची रेघ अगदी कडेपासून सुरू होते, ॲलन की चे दोन संच कारण काही गिटारना मिलिमीटरचे लागतात आणि काहींना इंचाचे (चुकीचा घालून जोर लावलात तर ट्रस रॉडचा नट गोल होतो आणि मग बोंबला), चांगले स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, ४० वॅटच्या आसपासचं सोल्डरिंग आयर्न, रोझिन कोअर सोल्डर, मास्किंग टेप, वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर, एक छोटी तिकोनी कानस. ट्यूनरचं ॲप फोनमध्ये असतंच. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) असेल तर उत्तम, नसेल तर प्रिंटरचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, दोन कागद म्हणजे ०.२, तीन म्हणजे ०.३. झालं फीलर गेज.

आधी सेटअप, आणि क्रम मोडायचा नाही

क्रम असा: नेकचा बाक, मग नट (त्याचं पुढे वेगळं सांगतो), मग तारांची उंची, मग इंटोनेशन, शेवटी पिकअपची उंची. हा क्रम का, तर प्रत्येक पायरी पुढचीचं माप बदलते. आधी इंटोनेशन केलं आणि मग ट्रस रॉड फिरवला की मघाची सगळी मेहनत पाण्यात.

नवीन तारा लावा, ज्या जाडीच्या कायम वाजवणार त्याच, आणि ट्यून करा. आता सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने जिथे नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा. तार आता तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे बघा. ०.२ ते ०.२५ मिमी म्हणजे झकास, दोन कागद सरकतात आणि तिसरा अडतो असं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळायचा, फट नसेलच तर उलटा सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग परत ट्यून करायचं आणि परत मोजायचं. कुठे कडक लागलं तर थांबा. बरेच जण ट्रस रॉडने तारा खाली आणायचा प्रयत्न करतात, ते त्याचं कामच नाही, तो फक्त नेकचा बाक ठरवतो, उंची ठरवायला सॅडलचे छोटे स्क्रू आहेत.

उंची बाराव्या फ्रेटवर मोजायची, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड ई ला म्हणजे सगळ्यात जाड तारेला २ मिमी आणि बारीक ई ला म्हणजे सगळ्यात बारीक तारेला १.५ मिमीपासून सुरुवात करा, मधल्या तारांनी फ्रेटबोर्डची गोलाई धरायची. तिथून हळूहळू खाली आणा, खरखर सुरू झाली की किंचित वर. जोरात स्ट्रम करणारे असाल तर थोडी जास्त उंची लागणारच, त्यात कमीपणा काही नाही.

इंटोनेशन म्हणजे मोकळी तार सुरात आहे पण वर वर जावं तसं बेसूर होतं तो प्रकार. मोकळी तार ट्यून करा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा, ट्यूनर बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं म्हणजे तार लांब करायची, उतरलेला असेल तर पुढे आणायचं. लक्षात ठेवायला सोपं: चढा तर मागे. तारा जुन्या असतील तर हे करूच नका, जुनी तार सगळीकडे सारखी जाड राहिलेली नसते, तुम्ही तासभर स्क्रू फिरवत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

पिकअपची उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून बघायची, पिकअपपासून २ ते ३ मिमीमध्ये कुठेतरी ठेवा आणि कानाने ठरवा. जवळ आणलं की आवाज मोठा होतो म्हणून लोक पार तारेला चिकटवतात, पण सिंगल कॉइल म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपमधलं चुंबक तारेला खेचतं आणि एकाच स्वरात दोन सूर लढतायत असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. मी ह्या एका गोष्टीपायी आख्खे फ्रेट तपासून काढले होते, शेवटी पिकअप दोन फेरे खाली घेतला आणि खेळ खल्लास.

नट, जिथे निम्म्या स्वस्त गिटारी मार खातात

कारखान्यात नटच्या खाचा मुद्दाम उंच ठेवतात कारण खोल करायला माणसाचा वेळ लागतो आणि एकदा जास्त खोल झाली की नट वाया. म्हणजे तो वेळ आता आपण द्यायचा. तपासायचं कसं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसाएवढी फट हवी, पहिल्या फ्रेटवर बोटाने तारेला टिचकी मारली तर बारीकसा टिक आवाज यायला हवा. मोठी फट दिसते म्हणजे खाच उंच. काहीच आवाज नाही, तार टेकलेलीच आहे, म्हणजे खाच जास्त खोल आणि मोकळी तार खरखरणार.

नटच्या खास कानशी महाग असतात, संच तर विचारूच नका. मी जुन्या गुंडाळलेल्या तारेचा तुकडा कानशीसारखा वापरतो जाड तारांसाठी, त्याच जाडीचा किंवा त्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, आणि बारीक तारांसाठी गॅस वेल्डिंगच्या नळीचं तोंड साफ करायच्या ज्या खरखरीत सळ्या मिळतात त्या. त्यांचे वेगवेगळे व्यास एका पाकिटात असतात. काम हळू. चार घासे मारायचे, तार परत बसवायची, ट्यून करायची, बघायचं, परत चार घासे. कंटाळवाणं आहे पण इथे घाई केलीत तर हात दाखवून अवलक्षण.

एक बारकावा जो बहुतेक जण चुकवतात: खाचेचा तळ हेडस्टॉकच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकेल. तळ सपाट राहिला किंवा उलटा उतरला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. सतारीत ती जवारी लागते, मुद्दाम तासून काढतात, इथे मात्र ती नको.

आणि खाच खोल गेलीच तर? जाते हो, माझ्या पहिल्या दोन्ही गेल्या. खाचेत थोडा बेकिंग सोडा भरा, वर पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा, क्षणात दगडासारखं घट्ट होतं, मग परत नव्याने खाच पाडा. थेंब पडताना वाफ निघते, तोंड वर धरू नका, आजूबाजूला मास्किंग टेप लावून घ्या. हा उपाय कायमचा नाही पण कित्येक वर्षं चालतो. शेवटी खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, ग्रॅफाइटमुळे तार सरकते, आणि ज्याला तुम्ही खुंट्या खराब आहेत असं समजत होता तो ट्यूनिंग सुटायचा त्रास निम्मा तरी कमी होतो. उरलेला निम्मा त्रास तारा नीट न गुंडाळल्यामुळे असतो. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली, एकावर एक चढलेले नाहीत, आणि नवीन तार हाताने ओढून ओढून ताणून घ्यायची. खुंट्या बदलायची वेळ फार क्वचित येते.

फ्रेट

एकाच ठिकाणी खरखर येते, बाकी सगळं ठीक, म्हणजे पुढचा फ्रेट उंच आहे असं समजा. तो शोधायला एकदम तीन फ्रेटवर सरळ धार टेकवायची, ती झोपाळ्यासारखी हलली तर मधला उंच. त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं पण बाद झालेलं प्लास्टिकचं बँक कार्डही चालतं, पहिल्या चार-पाच फ्रेटला लांब बाजू, त्यापुढे बाराव्याच्या आसपासपर्यंत आखूड बाजू, आणि त्याच्या वर कापून छोटा तुकडा. आधी स्टीलच्या पट्टीवर टेकवून धार सरळ आहे ना बघून घ्या.

उंच सापडला की लगेच घासायला घेऊ नका. आधी त्याची टोकं दाबून बघा, बऱ्याचदा फ्रेट खाचेतून उचललेला असतो. तसं असेल तर कडेने पातळ सुपरग्लू सोडायचा, लाकडाचा तुकडा ठेवून क्लॅम्पने दाबून धरायचं, फ्रेटबोर्डवर सांडू द्यायचा नाही. निम्म्या वेळा इथेच काम संपतं.

सगळेच फ्रेट वरखाली असतील तर लेव्हलिंग, म्हणजे सगळे एका उंचीला आणणं. तारा काढा, ट्रस रॉड फिरवून नेक अगदी सरळ करा, फ्रेटच्या मधल्या लाकडावर मास्किंग टेप लावा, आणि पिकअपही टेपने झाका कारण धातूचा भुसा आत शिरला की निघता निघत नाही. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करने शाई लावा. आता खरोखर सपाट असं काहीतरी हवं, मी ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा तुकडा वापरतो, त्याला खाली ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी टेपने चिकटवलेला. नेकच्या लांबीत हलक्या हाताने फिरवायचा, स्वतःच्या वजनाने काम करू द्यायचं, दाबायचं नाही. सगळ्या फ्रेटवरची शाई जरा तरी गेली की थांबा. थांबा म्हणजे थांबा, अति तिथे माती हे इथे शब्दशः लागू, फ्रेटचं धातू परत येत नाही.

आता माथे सपाट झाले, आणि सपाट माथ्यावर तार कुठे टेकते ते नक्की राहत नाही, स्वर जरा चढतो. म्हणून गोलाई परत द्यायची. परत शाई लावा, तिकोनी कानशीच्या कडा आधी दगडावर घासून बोथट करून घ्या म्हणजे फ्रेटबोर्डला ओरखडे पडणार नाहीत, आणि फ्रेटच्या दोन्ही बाजू तिरक्या घासत या, मध्ये शाईची दोऱ्याएवढी रेघ राहीपर्यंत. ती रेघ पुसायची नाही, तीच तुमची बरोबर उंची आहे. मग ६००, १०००, १५००, २००० असे पेपर, आरशासारखं चकाकेपर्यंत. पहिल्यांदा अख्खा दिवस जातो. पण त्या दिवसानंतर ती गिटार हातात घेतल्यावर जो फरक कळतो तो कुठल्याही महागड्या पिकअपने येत नाही, हे मी लिहून देतो.

आवाजच येत नाही, किंवा नको तेवढा येतो

गिटारच्या आत धोकादायक व्होल्टेज नसतं, त्यामुळे बिनधास्त उघडा. पण ॲम्प्लिफायर उघडू नका, विशेषतः व्हॉल्व्हवाला, त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरसुद्धा जीवघेणा चार्ज धरून बसतात. ते काम शिकलेल्या माणसाचं.

उघडायच्या आधी एक युक्ती. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा, एक पिन टोकाला आणि दुसरी बाहेरच्या भागाला. सिंगल कॉइल असेल तर साधारण ५ ते ८ किलोओहम दिसायला हवं, हमबकरला म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला साधारण ७ पासून १६ पर्यंत कुठेही. स्विच फिरवत प्रत्येक पिकअप बघा. आकडा सरळ शून्याजवळ म्हणजे कुठेतरी शॉर्ट. २५० किंवा ५०० किलोच्या आसपास म्हणजे मीटरला पिकअप दिसतच नाहीये, फक्त पॉट (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) दिसतोय, तर पिकअपची वायर सुटलीय किंवा कॉइल तुटलीय. काहीच नाही म्हणजे आधी केबल बदलून बघा आणि मग जॅक. दहापैकी सात वेळा जॅकच असतो, हा आकडा माझ्या अनुभवाचा, शास्त्राचा नाही. जॅकचा बाहेरचा नट सैल होतो, कोणीतरी तो बाहेरून पिळत राहतं, आतला जॅक पण फिरतो आणि वायर तुटते. नट आवळताना जॅक आतून धरायचा.

नॉब फिरवताना करकर येत असेल तर पॉटमध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तीसेक वेळा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज काढायचा नेहमीचा स्प्रे नको, तो आत तेलकट थर सोडतो. पॉट बदलायचाच असेल तर सिंगल कॉइलला २५० किलो, हमबकरला ५०० किलो, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पॉटवर आकड्याआधी ए किंवा बी लिहिलेलं असतं, त्यातला ए घ्या, बी नको. ए म्हणजे लॉगरिदमिक, आवाज कानाला सारखा वाढल्यासारखा वाटतो, बी मध्ये सगळी गंमत एकाच टोकाला गोळा होते. टोनचा कपॅसिटर सिंगल कॉइलला ०.०४७ मायक्रोफॅरड आणि हमबकरला ०.०२२, त्यावर ४७३ आणि २२३ असे आकडे छापलेले असतात. तेल भरलेला, कागदाचा, जुन्या काळातला असले कपॅसिटर लोक सोन्याच्या भावाने घेतात, घेऊ द्या, तुम्ही साधा फिल्मचा घ्या.

सोल्डरिंग करताना पॉटच्या पाठीला वायर चिकटत नाही अशी तक्रार असते. पाठ पॉलिश पेपरने खरवडा, आयर्न आधी धातूला लावा, धातू तापला की सोल्डर त्याला लावा, आयर्नला नाही. सोल्डर पसरून चमकायला हवं, गोळी होऊन बसली तर तो जोड कच्चा. खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं तर काम झाल्यावर हात धुवा.

घुंईं आवाजाचं बघा. तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर अर्थिंग ठीक आहे, शिल्डिंग म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारं धातूचं आवरण कमी आहे. हात लावूनही काही फरक नाही म्हणजे ब्रिजला जाणारी अर्थची वायर सुटलीय, स्वस्त गिटारमध्ये ही वायर नुसती ब्रिजखाली दाबलेली असते, रंगावर, म्हणजे नसल्यासारखीच. ब्रिजखालचा रंग खरवडून ती नीट टेकवा. शिल्डिंगसाठी आतल्या खड्ड्यांना तांब्याची चिकट टेप लावायची, सगळे तुकडे एकमेकांना सोल्डरच्या थेंबाने जोडायचे आणि एक वायर अर्थला. पिकगार्डच्या म्हणजे बॉडीवरच्या प्लास्टिकच्या झाकणपट्टीच्या मागेही लावायची. लावून झाल्यावर आवाज पूर्ण गेला तर घाबरू नका, जॅकची सिग्नलची पट्टी टेपला टेकत असणार, तिथे थोडी इन्सुलेशन टेप मारा. आणि हे सगळं करूनही सिंगल कॉइलचा थोडा घुंई राहतोच, तो चुंबकीय क्षेत्रातून येतो, तांबं त्याला अडवत नाही. म्हणूनच तर १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने दोन उलट्या कॉइलचा हमबकर काढला.

जाता जाता: स्ट्रॅपचा किंवा पिकगार्डचा स्क्रू भोकात सैल फिरतो का? टूथपिक किंवा काडी लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोका, वाळल्यावर कापा, परत स्क्रू घाला. आयुष्यभर टिकतं.

आता बांधायची हौस

चार-पाच गिटारी दुरुस्त करून झाल्या की हात शिवशिवायला लागतात, मग बांधूनच बघू. बघा की. पण नेक विकत घ्या. फ्रेटचं गणित अवघड नाही, ६४८ मिमी स्केल (नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी) असेल तर ते १७.८१७ ने भागायचं, ३६.३७ मिमीवर पहिला फ्रेट, उरलेली लांबी परत भागायची, पुढचा फ्रेट, असं बारावा बरोब्बर ३२४ वर येतो. गणित येतं हो, पण अर्धा मिमी करवत सरकली की तो स्वर जन्मभर बेसूर, शिवाय ट्रस रॉडची खाच, गोलाई, फ्रेट ठोकणं, ह्यासाठी लागणारी हत्यारं तयार नेकपेक्षा महाग पडतात. बॉडी मात्र घरी होते. पुढच्या सगळ्या मापांना मी फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर-टेलिकास्टर धाटणीचा चार स्क्रूंनी बसणारा नेक धरलाय. असा सुटा नेक गिटारच्या जगात रुळवला लिओ फेंडरने, टेलिकास्टर घराण्याची पहिली गिटार १९५० ची, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. दुरुस्ती करणाऱ्याने बनवलेली वस्तू आहे, म्हणून तर ती इतकी सोयीने खोलता येते.

लाकडावरून वाद घालण्यात लोकांचं आयुष्य जातं. डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या जुन्या गिटारी लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड चिकटवून बनवलेल्या होत्या आणि आज त्या शोधून शोधून घेतात. ब्रायन मे ने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी गिटार बांधायला घेतली, नेक घरातल्या जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीचा, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे, ट्रेमोलोच्या (दांडी दाबून सूर हलवायची ब्रिजवरची सोय) स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, आणि तीच गिटार घेऊन तो पुढे क्वीन ह्या रॉक बँडमध्ये वाजवत राहिला. तर लाकूड फक्त वाळलेलं हवं. जुन्या टेबलाची फळी किंवा दाराची चौकट उत्तम, पण करवत लावायच्या आधी चुंबक फिरवून आत खिळे नाहीत ना बघा. एक फळी रुंदीला पुरत नसेल तर दोन जोडा, कडा अशा रंधून घ्या की उजेडाकडे धरल्यावर मधून उजेड दिसणार नाही, गोंद, क्लॅम्प, एक दिवस हात लावायचा नाही. जाडी ४५ मिमीच्या आसपास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी नेक, ब्रिज शेवटी. इंटरनेटवरचा नकाशा छापून त्यावरून दोन्हीची भोकं एकदम पाडणारे आधी कळस मग पाया करतात. मी केलंय, जाड ई तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून खाली घसरत होती. ती बॉडी अजून आहे, तिच्यावर मी आता कानस ठेवतो.

बॉडीवर मध्यरेषा आखा आणि ती शेवटपर्यंत पुसू देऊ नका. नेकच्या खड्ड्याची खोली १६ मिमी, रुंदी साधारण ५६ मिमी, पण आकड्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या हातातला नेक ठेवून त्याभोवती पट्ट्या लावा आणि त्याच साच्यावरून राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) फिरवा. एका वेळी ३-४ मिमी खोल, जास्त घेतलंत तर राउटर झटका देतो आणि लाकडाचा टवका उडतो. राउटर नसेल तर ड्रिलने शेजारी शेजारी भोकं पाडून पटाशीने साफ करा, वेळ लागतो पण आवाज कमी आणि बोटं शाबूत. नेक इतका घट्ट बसायला हवा की बॉडी उचलली तर नुसत्या घर्षणावर नेक लटकून राहील. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क आणि चष्मा लावूनच.

स्क्रूची भोकं बॉडीतून मोठी पाडा, स्क्रू त्यातून अलगद घसरला पाहिजे, पकड फक्त नेकच्या लाकडात. दोन्हीकडे आटे पडले तर कितीही आवळा, मध्ये फट राहणार. नेकमध्ये भोक पाडताना ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. नेकची टाच साधारण २५ मिमी जाड असते त्यात फ्रेटबोर्डही आला, खूण न करता पाडलंत तर बिट वरून बाहेर येऊन तुम्हाला नमस्कार करेल. स्क्रूला मेण किंवा साबण लावा.

नेक बसला की दोन्ही बाहेरच्या ई तारांच्या जागी दोरे बांधा, नटपासून ब्रिजपर्यंत. ब्रिज डावी-उजवीकडे सरकवत राहा, फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांना सारखी जागा सुटेपर्यंत. लांबीसाठी बारीक ई चं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घ्या, नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून त्या सॅडलपर्यंत बरोबर ६४८ मिमी मोजा, तिथे ब्रिज. जाड ई चं सॅडल त्याच्या ३-४ मिमी मागे जाणार असतं, तेवढी जागा मागे असू द्या. ब्रिज सपाट हार्डटेल म्हणजे न हलणारा घ्या. ट्रेमोलोला आरपार खड्डा लागतो, आणि उंच खांबांवरचा ट्यून-ओ-मॅटिक घेतलात तर नेकला मागे कोन द्यावा लागतो, पहिल्या बॉडीला हे लचांड कशाला. पिकअपचे खड्डे, कंट्रोलचा खड्डा, त्यांना जोडणारी भोकं आणि ब्रिजकडे जाणाऱ्या अर्थच्या वायरचं भोक, हे सगळं रंगाच्या आधी. अर्थचं भोक विसरायचा मान सगळ्यांनाच मिळतो.

पहिली बॉडी रंगवू नका, तेल द्या. १२०, १८०, २२० नंबरने घासा, ओल्या फडक्याने पुसा म्हणजे लाकडाचे तंतू उभे राहतील, वाळल्यावर ३२० ने परत घासा. मग टंग ऑइल किंवा डॅनिश ऑइल पातळ पातळ हात मारून, मध्ये वाळू देत. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात, हे खरं आहे, गंमत नाही. बाहेर पसरून वाळवा आणि मग टाका.

मग वायरिंग. पहिल्यांदा एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक जॅक एवढंच ठेवा. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनची जोडतोड करून बांधलेली गिटारही एक हमबकर आणि एक नॉब एवढ्यावरच चालायची, आणि तो हमबकर शिट्ट्या मारू नये म्हणून त्याने वितळलेल्या मेणात बुडवला होता. मेण तुम्हीही वापरू शकता, पण भांडं गरम पाण्यात ठेवून, थेट आचेवर कधीच नाही, आणि स्वस्त पिकअपचं प्लास्टिक वितळतं म्हणून मेण जेमतेम वितळेल एवढंच गरम.

तारा चढवल्या की वरचा सेटअप पहिल्यापासून. नट, फ्रेट, सॅडल, नवा नेक असला तरी, किंबहुना नवा असला की जास्तच. पहिल्या रात्रीत नेक तारांच्या ताणाने वाकतो, सकाळी ट्यूनिंग उतरलेलं असेल, तारा उंच वाटतील, तेव्हा लगेच सॅडल खाली करायला जाऊ नका. आठवडाभर तशीच ट्यून करून वाजवा, आणि मग दोन कागद घेऊन सातव्या फ्रेटवर परत मोजा.